फवारणी आणि बोंडअळीचे प्रशिक्षण माणसे शिकतात त्या रीतीने कसे बेतावे?

पऱ्हाटीतली पायवाट (प्रश्न)

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांत मी शेतकरी गटांसोबत काम करते आणि खरिपापूर्वीचे कापसाचे प्रशिक्षण आखण्याची जबाबदारी यंदाही माझ्याकडे आली आहे. त्याचा आराखडा दरवर्षी जवळजवळ ठरलेलाच असतो. मे महिन्याच्या अखेरीस सलग दोन दिवस, समाज मंदिरात, सकाळी दहा ते सायंकाळी पाच, आणि एकामागून एक वक्ते. गुलाबी बोंडअळीची ओळख, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे), निंबोळी अर्क, मित्रकीटक, फवारणीतील सुरक्षितता, औषधाच्या डब्यावरचे रंगीत त्रिकोण, फरदडीचे (हंगाम संपल्यावरही कापूस उभा ठेवण्याचे) तोटे असे सारे विषय त्या दोन दिवसांत बसवलेले असतात. पडद्यावर स्लाइड सरकत राहतात, मंडळी माना डोलावतात आणि जेवणानंतर मागच्या रांगेत डुलक्या सुरू होतात.

शेवटी एक लेखी चाचणी होते आणि बहुतेक जण ती चांगल्या गुणांनी पार करतात. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये वावरात जावे तर तीच मंडळी उघड्या हाताने बादलीत औषध ढवळताना दिसतात. सापळा धुऱ्यावर उभा असतो, पण त्यात काल किती पतंग आले हे कोणी पाहिलेले नसते, आणि शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, हा क्रम तसाच सुरू असतो. याला शेतकऱ्यांची उदासीनता म्हणणे मला पटत नाही, कारण याच गावांत माणसे एरवी भराभर शिकताना मी पाहते. बोअरच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करायला गावातल्या पोरांना कोणी वर्ग घेऊन शिकवले नाही. मिस्त्रीला टॉर्च धरून उभे राहता राहता ती शिकली. आईच्या ओळीशेजारी ओळ धरून वेचणीला लागलेल्या मुलीला काडीकचरा टाळून बोंडातला कापूस कसा ओढायचा हे दोन-चार दिवसांत जमते.

माझे म्हणणे असे की, माणसे जर अशी शिकत असतील तर प्रशिक्षणाची आखणीही तशीच का करू नये? पण ती करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मला उमगत नाही. दोन दिवसांचा कार्यक्रम मोडून हंगामभर पसरावा का? वावरातच सत्रे घ्यावीत, तर पावसाळ्यात माणसे जमतील का? प्रत्यक्ष फवारणी बव्हंशी मजूर करतात आणि ते प्रशिक्षणाला येतच नाहीत, त्यांचे काय करावे? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना कृषी सहायक

ताई, आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आलेले आहे. मे महिन्यात बोंडअळी शिकवायची म्हणजे पऱ्हाटी (कापसाचे झाड) पेरलेली नसताना तिच्या बोंडातल्या अळीविषयी बोलायचे. ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी बियाण्याचा भाव, कर्जाचे नूतनीकरण आणि पाऊस केव्हा येतो हे विषय असतात. त्यामुळे पहिली सूचना अशी की, विषयांची यादी बाजूला ठेवून पिकाचे वेळापत्रक समोर घ्यावे आणि जी गोष्ट ज्या आठवड्यात वावरात डोळ्यांना दिसते ती त्याच आठवड्यात शिकवावी. मे महिन्यात फक्त बियाणे, सरी-वरंबा आणि आश्रयाच्या ओळी (बीटी कापसासोबत लावायच्या बिगर-बीटी ओळी) यांविषयी बोलावे. मावा-तुडतुडे दिसू लागले की मित्रकीटक घ्यावेत. पेरणीनंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी सापळे लावण्याची वेळ येते, तेव्हा सापळा घ्यावा. फुले लागली की डोमकळी (अळीमुळे न उमललेले, मिटलेले फूल), आणि हिरवी बोंडे धरली की बोंडे फोडणे. बारा विषयांचे दोन दिवस करण्याऐवजी एका विषयाचे दोन तास, असे हंगामभर विखरून द्यावेत.

ही कल्पना माझी नाही. शेतीशाळा नावाने आपल्याकडे आलेली पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने सुरू झाली. तेथे धानावर तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला होता आणि जितके फवारावे तितका तो वाढत होता, कारण तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक औषधाने आधी मरत होते. १९८६ मध्ये तेथील सरकारने धानावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, पण केवळ बंदीने शेतकऱ्याच्या हातातला पंप खाली ठेवला जात नाही. म्हणून पंचवीसेक शेतकऱ्यांचा एक गट, एकच शेत, आठवड्यातून एक सकाळ आणि पीक निघेपर्यंत पाठपुरावा, अशी मांडणी झाली. आपल्याकडे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही शेतीशाळा घेतल्या गेल्या, परंतु काही ठिकाणी त्यांचे रूप सतरंजी, फलक आणि भाषण असेच राहिले. सतरंजी समाज मंदिरातून उचलून झाडाखाली टाकली म्हणजे शेतीशाळा होत नाही.

शेतीशाळेचा गाभा प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देण्यात आहे. शेतकऱ्याने किडा दाखवून “साहेब, हा कोणता?” असे विचारले की आपली जीभ लगेच नाव सांगायला वळवळते. ती आवरावी आणि उलट विचारावे की, हा कोठे सापडला, पानाच्या वर की खाली, काय करत होता, आणखी किती दिसले? नाव शेवटी सांगायचेच असते, पण तोवर त्या माणसाने किडा नीट पाहिलेला असतो. काचेच्या बरणीत माव्याने भरलेली पऱ्हाटीची डहाळी ठेवून त्यात ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) दोन-तीन अळ्या सोडाव्यात, तोंडाला पातळ कापड बांधावे आणि बरणी गटातल्या एखाद्या बाईच्या घरी ठेवायला द्यावी. ढालकिड्याची अळी काळसर, काटेरी, दिसायला भयंकर असते, आणि तिलाच कीड समजून लोक फवारतात. डहाळीवरचा मावा किती उरला हे ती बाई पुढच्या बैठकीत स्वतः सांगते. मग मित्रकीटकांवर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

बोंडांचेही तसेच. अंड्यातून निघालेली अळी लहान बोंडात शिरली की तिने केलेले छिद्र बुजून जाते, त्यामुळे बाहेरून बोंड निरोगी दिसते आणि वरून मारलेले औषध आत पोहोचत नाही. स्लाइडवर हे दहा वेळा दाखवले तरी डोळ्यांना पटत नाही. त्याऐवजी गटातल्या प्रत्येकाला आपापल्या वावरातून, वीस वेगवेगळ्या झाडांवरून एकेक असे वीस हिरवे बोंड आणायला सांगावे आणि सर्वांनी एकत्र बसून ते चाकूने फोडावेत. “माझ्या पऱ्हाटीत काहीच नाही” असे छातीठोकपणे सांगणाऱ्याच्याच बोंडात गुलाबी अळी निघते, तेव्हा पुढची चर्चा आपल्याला चालवावी लागत नाही. ती आपोआप पेटते.

पावसाळ्यात माणसे जमतील का, असे आपण विचारले आहे. वाफसा नसेल त्या दिवशी डवरणी-निंदणी बंद असते आणि माणसे घरीच असतात. सत्राची तारीख छापू नका. पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या सकाळी, असे ठरवा.

रात्रपाळी

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे आणि फवारणीच्या हंगामात विषबाधेचे रुग्ण आमच्याकडे येतात. वरच्या काकांचे म्हणणे किडीपुरते मला पूर्ण मान्य आहे, परंतु “माणसे जशी शिकतात तसे शिकवा” हे तत्त्व फवारणीला जसेच्या तसे लावू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. उघड्या हाताने औषध ढवळणे हेसुद्धा माणूस अगदी सहजपणे, काकाच्या शेजारी उभे राहून, पाहत पाहतच शिकलेला असतो. ती शिकवण इतकी पक्की बसते, कारण ढवळल्यावर लगेच काही होत नाही. पहिल्या दिवशी काही झाले नाही, दुसऱ्या दिवशीही झाले नाही, मग हात सांगतो की हे चालते. अनुभव येथे गुरू नसतो, तो फसवतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांतले कितीतरी जण वर्षानुवर्षे फवारणी करणारे, म्हणजे रूढ अर्थाने अनुभवी होते.

म्हणून जेथे परिणाम लगेच दिसत नाही, तेथे तो दिसेल असे काही प्रशिक्षकाने मुद्दाम करावे लागते. आमच्याकडे उपयोगी पडलेला एक प्रयोग सांगते. ज्यात कधीही औषध भरलेले नाही असा कोरा पंप घ्यावा, त्यात साधे पाणी भरून कपड्यांची नीळ मिसळावी आणि फवारणाऱ्याला जुना पांढरा सदरा-पायजमा घालायला द्यावा. नेहमीच्या चालीने त्याला पऱ्हाटीतून दोन ओळी फिरवून आणावे आणि मग सर्वांसमोर उभे करावे. मांड्यांपासून खाली कापड निळे झालेले असते, कारण तो नुकत्याच फवारलेल्या ओल्या झाडांतून चालत जातो. झाकण सैल असेल तर पाठीवर निळा ओघळ उतरलेला असतो. झाड डोक्याइतके वाढलेले असेल तर गळा आणि चेहराही सुटत नाही. एवढे झाल्यावर त्याला काही न सांगता थोडा वेळ बसू द्यावे. तो सवयीने खिशातली खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूची) पुडी काढतो आणि चिमूट तोंडात टाकतो. पुडीवर, बोटांवर आणि ओठांवर निळे डाग उमटतात, तेव्हा भोवतालची माणसे आधी हसतात आणि मग गप्प होतात. खर्रा खाऊ नका असे तोंडाने शंभर वेळा सांगून जे होत नाही ते येथे होते.

हे दाखवल्यानंतर मात्र चर्चा पुरे, आणि कवायत सुरू करावी. औषध मोजणे, काठीने ढवळणे, हातमोजे कोणत्या क्रमाने घालायचे व काढायचे, वारा पाठीशी ठेवून कोणत्या बाजूने सुरुवात करायची, अंगावर सांडले तर कपडे उतरवून साबण-पाण्याने धुणे आणि दवाखान्यात येताना औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत आणणे, हे सारे साध्या पाण्यावर, एकाच क्रमाने, हाताला वळण लागेपर्यंत करून घ्यावे. येथे “तुम्हाला काय वाटते?” असे विचारत बसू नये. डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, हा क्रम शोधून काढण्याची गोष्ट नव्हे. ती सांगायची आणि पाठ करून घ्यायची.

आणखी एक. हातमोजे गावच्या कृषी केंद्रात मिळतच नसतील, किंवा सप्टेंबरच्या उकाड्यात प्लास्टिकचा अंगरखा घालून दोन पंपही मारवत नसतील, तर तो प्रशिक्षणाचा प्रश्न नाही. आधी हातमोजे आणून ठेवा, फवारणी सकाळी लवकर उरकेल अशी मजुरीची बोली करा, आणि मग शिकवा.

मण्यांची दोरी

मी गडचिरोली जिल्ह्यात आशा ताईंची गटप्रवर्तक आहे. विषय शेतीचा असला तरी आमचा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

नवजात बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असेल तर तो धोक्याचा, हे आम्हाला शिकवावे लागते. वाक्य सोपे आहे, पण रडणाऱ्या बाळाच्या पोटाकडे पाहत साठपर्यंत मोजणे आणि त्याच वेळी घड्याळाकडेही पाहणे, हे शिकलेल्या माणसालाही जमत नाही. ज्या सुईणींना दहाच्या पुढे मोजायची सवयच नव्हती त्यांच्यासाठी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने एक साधन केले होते. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला तर श्वास वेगाचा. सुईणीला साठ हा आकडा शिकवण्याऐवजी काम तिच्या दहापर्यंतच्या मोजणीत आणून बसवले. मला त्यात शिकवण्याची फार मोठी समज दिसते. माणसाला बदलण्याआधी काम बदलून पाहावे.

शेतीच्या प्रशिक्षणात मात्र टक्केवारी शिकवली जाते. दहा टक्के बोंडांत अळी आढळल्यास उपाय करा, असे पत्रकात छापलेले असते. टक्का कशाला हवा? वीस बोंडे फोडा, चांगली एकीकडे आणि किडकी दुसरीकडे असे दोन ढीग करा, किडक्या ढिगात दोन बोंडे आली की सावध व्हा. सापळ्याचेही तसेच. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तर धोक्याची पातळी, असा निकष आहे. तो वहीत लिहायला सांगितला तर वही घरातील शिकलेल्या मुलाकडे जाते आणि तेथेच राहते. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रोज रेघा ओढायला सांगितल्या तर जी बाई सकाळी गुरांना चारा टाकते तीच रेघ ओढते आणि तीच बोलू लागते.

दुसरा मुद्दा विसरण्याचा. गृहभेटीचे दिवस आमच्या आशांना तोंडपाठ असतात. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. प्रशिक्षणात ते उत्तम सांगितले गेले म्हणून पाठ झाले नाहीत. दर महिन्याच्या बैठकीत कोणी ना कोणी “तुझ्या गावात कोण बाळंतीण आहे, आज तिचा कितवा दिवस, आता तू कधी जाणार?” असे विचारते, आणि उत्तर आठवून द्यावे लागते, म्हणून ते पाठ झाले. त्यामुळे प्रत्येक सत्राची सुरुवात मागच्या सत्राच्या उजळणीने करू नका, आठवणीने करा. आपण पुन्हा सांगायचे नाही. त्यांना विचारायचे आणि ते अडखळले तरी थोडे थांबायचे.

नवा प्रशिक्षक

चर्चा उत्तम चालली आहे. मला एवढेच सुचवायचे आहे की, प्रत्येक माणसाची शिकण्याची शैली वेगळी असते. काही जण पाहून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. आधी छोटी प्रश्नावली देऊन तीन गट पाडले आणि प्रत्येक गटाला त्याच्या शैलीने शिकवले, तर परिणाम चांगला येईल. शिवाय माणूस वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के आणि स्वतः केलेले ९० टक्के लक्षात ठेवतो, असेही आम्हाला प्रशिक्षणात शिकवले आहे.

सेवाग्राम रस्ता

वरील दोन्ही गोष्टी प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणात सर्रास सांगितल्या जातात, म्हणून त्यांविषयी स्पष्ट लिहितो. शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते का, याचा आढावा हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतला आणि तसे मानण्यास पुरेसा आधार त्यांना आढळला नाही. माणसाला आवडीनिवडी असतात, हे खरे. पण बोंड फोडून पाहणे हे “ऐकणाऱ्या” माणसालाही फोडूनच कळते, आणि पतंगांची संख्या “पाहणाऱ्या” माणसालाही मोजावीच लागते. रीत विषयावरून ठरते. टक्केवारीचे म्हणाल तर तो तक्ता एडगर डेल यांच्या १९४६ मधील ‘अनुभवाच्या शंकू’च्या नावावर खपवला जातो, पण डेल यांच्या शंकूत टक्केवारी नव्हतीच, ती मागाहून कोणीतरी चिकटवली. इतके गुळगुळीत, दहाच्या पटीतले आकडे दिसले की शंका घ्यावी. प्रश्नावली देऊन शेतकऱ्यांचे तीन गट पाडण्यात एक सकाळ वाया जाईल, एवढेच होईल.

याउलट, गडचिरोलीच्या ताईंनी आठवून सांगण्याविषयी जे लिहिले आहे त्याला भक्कम आधार आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की, नव्याने पाठ केलेले सुरुवातीच्या काही तासांत झपाट्याने विसरले जाते, आणि तीच उजळणी दिवसांमध्ये वाटून केली तर कमी कष्टांत टिकते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते आणि आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. आपल्या मे महिन्यातल्या लेखी चाचणीचे गुण चांगले का येतात आणि ऑगस्टमध्ये त्यांचा मागमूस का उरत नाही, याचे उत्तर येथे आहे. ती चाचणी पाच मिनिटांनंतरची आहे.

मी शिक्षक होतो, म्हणून एक गोष्ट जाता जाता सांगतो. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार पुढे आला. त्यात टकळीचे (हाताने सूत काढायच्या चातीचे) महत्त्व सूत काढण्यापुरतेच नव्हते. धागा जाडाबारीक आला किंवा तुटला तर मुलाला त्याच क्षणी कळते, मास्तरांनी तपासून देण्याची वाट पाहावी लागत नाही. रात्रपाळीच्या ताईंचा मुद्दा मी असा समजतो की, किडीचे काम टकळीसारखे आहे आणि फवारणीचे तसे नाही. मी त्यात फरदडीची भर घालीन. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवली तर हातात चार क्विंटल जास्तीचा कापूस दिसतो. अळीला मिळालेला आसरा मात्र पुढच्या हंगामात आणि पुष्कळदा शेजाऱ्याच्या वावरात दिसतो. स्वतःच्या अनुभवातून हे कोणीही कधीच शिकणार नाही. ते एकट्याला शिकवून भागणारही नाही. संपूर्ण शिवाराची बैठक घेऊन, गेल्या वर्षी कोणाची पऱ्हाटी केव्हा उपटली आणि यंदा डोमकळ्या प्रथम कोणाच्या वावरात दिसल्या, हे गावच्या नकाशावर सर्वांसमोर मांडावे लागेल.

पऱ्हाटीतली पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सेवाग्रामच्या सरांनी सुचवलेला नकाशा मी पोळ्यानंतरच्या बैठकीसाठी धरला आहे, कारण त्या सुमारास डोमकळ्या दिसू लागलेल्या असतात आणि वाद रंगला तरी तो समोरच्या फुलांवरून रंगेल.

दोन अडचणी मात्र उरतात. पहिली, ज्या संस्थेसाठी मी हे प्रशिक्षण घेते तिची. त्यांना दोन दिवसांचे छायाचित्र, हजेरीपट आणि आधी-नंतरच्या चाचणीचे गुण हवे असतात. हंगामभर विखुरलेली दोन-दोन तासांची सत्रे त्यांच्या नमुन्यात बसत नाहीत. दुसरी अडचण मजुरांची. गुत्त्याने (ठेक्याने) फवारणी घेणारी चार-पाच माणसे प्रत्येक गावात असतात आणि अर्ध्या शिवाराची फवारणी तीच करतात. ती भूमिहीन असल्यामुळे शेतकरी गटाच्या यादीत नाहीत, आणि एक दिवस बसले तर त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

जुना कृषी सहायक

संस्थेशी भांडू नका. मे महिन्यातला एक दिवस ठेवा, छायाचित्रेही त्याच दिवशी काढून द्या, आणि उरलेल्या एका दिवसाचे तास हंगामात वाटून मागा. खर्च वाढत नाही, म्हणून हे बहुधा मान्य होते. नंतरची चाचणी कागदावर घेण्याऐवजी सप्टेंबरमध्ये वावरात घ्या. सापळ्यातले कालचे पतंग किती, हे न पाहता सांगता आले का? शेवटची फवारणी कशावरून ठरवली? औषध ढवळायला काठी होती की हात? एवढ्या तीन गोष्टी पाहून नोंदवल्या तरी गुणपत्रिकेपेक्षा खरे चित्र मिळेल. संस्थेला आकडेच हवे असतील तर तेही त्यातून निघतात.

मजुरांना बोलावू नका, त्यांच्याकडे जा. फवारणीच्या दिवशी पहाटे ते जेथे पंप भरतात, विहिरीवर किंवा नाल्यावर, तेथे अर्धा तास पुरतो. रात्रपाळीच्या ताईंची कवायत तेथेच करून घ्यावी, खऱ्या औषधाचा डबा उघडण्याआधी. निळीचा प्रयोग मात्र पेरणीनंतरच्या मोकळ्या दिवसांत घ्या आणि सदरा घालून फिरणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी द्या. दाखवणारा माणूस त्यांच्यातलाच, सर्वांत जास्त पंप मारणारा, असावा. त्याला पुढच्या गावी सोबत नेले तर तेथे आपण न बोललेलेच बरे. गुत्ता देणाऱ्या शेतकऱ्यांच्या बैठकीत हातमोजे आणि साबण कोणी द्यायचा हे गुत्त्याच्या बोलीतच ठरवून टाका, नाहीतर ऐनवेळी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि सापळ्यांच्या ल्यूर (पतंगांना ओढणाऱ्या गंधाच्या गोळ्या) आधीच खरेदी करणार असाल तर त्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, थंड जागी ठेवा. बदलण्याची मुदत पाकिटावर छापलेली असते. ती तारीख सापळ्याच्या काठीवर रंगाने लिहून टाका.